उंदीर पडला की गाव उठायचं

प्लेगच्या काळात खानदेशातल्या खेड्यापाड्यांत एक साधा नियम चालायचा. घरात मेलेला उंदीर दिसला की थांबायचं नाही. भांडीकुंडी, गोधड्या, थोडा दाणागोटा गाडीत घालायचा, गुरं सोडायची आणि गावाबाहेर मळ्यात झोपडी टाकून राहायचं. आमच्याकडची म्हातारी माणसं अहिराणीत एवढंच म्हणत, "उंदीर पडना, गाव उठनं."

हा नियम कुठल्या साहेबानं किंवा डॉक्टरानं घालून दिलेला नव्हता. लोक मळ्यात झोपड्या टाकत होते तेव्हा सरकारी डॉक्टर भिंतींवर कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक मारण्यात गुंतले होते. साथींची गोष्ट आपण सहसा अशी सांगतो की विज्ञानाला सगळं कळत होतं आणि अडाणी लोक घाबरून आडवे येत होते. प्लेगच्या बाबतीत ही गोष्ट निम्मी खोटी आहे. लोकांची भीती काही ठिकाणी बरोबर निघाली, विज्ञान काही ठिकाणी सपशेल चुकलं. आणि साथ किती पसरणार हे बऱ्याचदा ठरलं ते तिसऱ्याच गोष्टीवर: आजाऱ्याची खबर देणाऱ्याच्या वाट्याला पुढे काय यायचं, यावर.

आधी आजार कसा आला ते पाहू.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची साथ चालू असताना अलेक्झांडर येर्सिन यानं या रोगाचा जंतू शोधून काढला. त्याच्याच नावावरून जंतूला आज येर्सिनिया पेस्टिस म्हणतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला वखारींचा भाग. जहाजातून उतरलेल्या उंदराला याहून चांगलं सासर मिळालं नसतं.

मुंबईची वस्ती तेव्हा साडेआठ लाखांच्या घरात. काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली. कोकणातली बोटीनं, घाटावरची रेल्वेनं. नाशिक ओलांडून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला जाणारा रूळ तेव्हाही होताच. खानदेश अजून एकच जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम असे तुकडे पडले ते १९०६ मध्ये. कापसाचा मुलूख. इथून रुईच्या गाठी मुंबईला जायच्या, तिकडून कापड, किराणा आणि माणसं यायची. स्टेशनावर माणसांची काखा-जांघा चाचपून तपासणी चालायची. पोत्यांची, गाठींची आणि वळकट्यांची कोण करणार? उंदराला तिकीट लागत नाही आणि पिसू तर डोळ्यालाही धड दिसत नाही.

दिवाळीच्या आसपास इकडे घराघरांत कापूस भरला जातो, मग ज्वारीच्या कणग्या भरतात. मातीच्या जाड भिंती, वर धाबं, आत धान्य आणि ऊब. प्लेगचा जोरही त्याच दिवसांत, पावसाळा सरल्यापासून थंडीभर. उन्हाळ्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकला की साथ बसायची, कारण तापलेल्या कोरड्या हवेत पिसवा फार तग धरत नाहीत. लोक म्हणत, आई शांत झाली. अधिकारी म्हणत, उपायांना यश आलं. श्रेय उन्हाचं होतं.

जंतू सापडला, वाट सापडेना

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रोगाचा जंतू सापडणं वेगळं आणि तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो हे कळणं वेगळं. १८९६ मध्ये पहिलं कळलेलं होतं, दुसरं नव्हतं. मग डॉक्टरांनी हाताशी होता तो जुनाच ठोकताळा वापरला: घाण, ओल, कोंदट हवा, रुग्णाचे कपडे, रुग्णाचा स्पर्श. म्हणून घरं चुन्यानं रंगवली, जमिनी उकरल्या, कौलं काढून आत ऊन सोडलं, अंथरुणं जाळली, गटारांतून औषधाचं पाणी सोडलं.

खरी वाट अशी आहे. प्लेग हा मुळात उंदराचा आजार. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते, त्यातून जंतू तिच्या पोटात जातात आणि तिथे वाढून जठराच्या तोंडाशी त्यांचा गठ्ठा बसतो. तुंबलेल्या मोरीसारखी गत होते: वरून ओतलं की पाणी उलटून वर येतं. पिसू उपाशीच राहते, म्हणून पुन्हापुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याला प्यायलेलं रक्त जंतूंसकट जखमेत उलटून टाकते. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं. पिसवांना ऊब हवी असते. त्या दुसरा उंदीर शोधतात आणि घरातले उंदीर संपले की माणूस. काही दिवसांत माणसाला ताप भरतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते. औषध नसेल तर अशा शंभरातले तीस ते साठ दगावतात.

आता त्या कार्बोलिकचं काय होत असेल ते बघा. एका घरात उग्र वासाचं औषध ओतलं की तिथले उंदीर, आजारी आणि धडधाकट दोन्ही, शेजारच्या घरात. आपल्याकडे पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली की मरीमातेचा गाडा काढायची रीत होती. पूजाअर्चा करून गाडा वेशीपलीकडे नेऊन सोडायचा, पुढच्या गावानं तो आणखी पुढे न्यायचा. मरीमातेच्या यात्रा खानदेशात आजही भरतात, बारागाड्या ओढल्या जातात. या गाड्याला साहेब हसत असणार. पण फवारणीवाली तुकडी नकळत तेच करत होती, रोग शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडत होती.

आणि मळ्यात जाणारे? ते उंदीर, पिसवा, कणग्या सगळं मागे टाकून जात होते. असं का, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण पाहिलेलं होतं: आधी उंदीर मरतात, मग माणसं. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, त्यामुळे रुग्णाला घरच्यांपासून तोडण्यानं फारसं काही साधत नव्हतं. सगळ्या घरालाच उंदरांपासून तोडण्यानं साधत होतं. सरकारचा हिशेब नेमका उलटा बसला होता.

चाव्याचा पुरावा

पॉल-लुई सिमों हा फ्रेंच डॉक्टर १८९८ मध्ये कराचीत होता. रुग्णांच्या पायावर कधीकधी बारीक फोड दिसतो, तो पिसूचा चावा असावा, असा त्याला संशय होता. त्यानं काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकेल, अशी रचना. आजारी उंदीर मेला, काही दिवसांनी निरोगीही मेला, आणि त्याच्या अंगात जंतू सापडले. एका बरणीत मावणारा हा प्रयोग, पण सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगानं तो फारसा मनावर घेतला नाही.

तो मनावर घ्यायला १९०५ उजाडावं लागलं. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत नव्या संशोधन आयोगानं गिनिपिगांचे पिंजरे प्लेगच्या घरांत ठेवून पाहिले. पिसू उडी मारते ती फार तर काही इंच. जमिनीवर ठेवलेले प्राणी मेले, दोन फूट उंच टांगलेले वाचले. हवेतून रोग येत असता तर उंचावरचेही मेले असते. (जमिनीवर झोपणारा गरीब आणि खाटेवर झोपणारा सधन यांच्यातलं अंतरही साधारण तेवढंच.) मधल्या दहा वर्षांत देशभर लाखो माणसं गेली होती.

घरात सोल्जर

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल तो नियम करता येईल, प्रवाशांची तपासणी करता येईल, संशयितांना वेगळं काढता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा होईल, आणि या कायद्याखाली सद्भावनेनं काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही.

पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं लष्कराच्या तुकड्या घराघरांत घुसवल्या, त्याची परिणती २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळीत झाली, हे शाळेत आपण वाचलेलं असतं. पण घबराट त्याआधीची आहे. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच हजारभर गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले होते. त्याच सुमारास कुणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. अफवा उठली की चिडलेल्या राणीला रुग्णांची काळजं हवी आहेत, म्हणून इस्पितळात नेतात.

हसू येतं ना? पण लोकांनी पाहिलं काय होतं, ते बघा. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता. हे खरंच होतं. रुग्ण लपवले जात, अगदी शेवटच्या घटकेला सापडत, तिथे औषध असं काही नव्हतंच, मग मरणाचं प्रमाण भयंकर असणारच. निरीक्षण चोख, लावलेला अर्थ चुकीचा. तेव्हाच्या डॉक्टरांचंही याहून फार निराळं नव्हतं.

शिवाय बाईच्या काखा-जांघा परका पुरुष भर फलाटावर तपासणार, जातपात न पाहता एका खोलीत टाकणार, घरातलं सामान जाळणार. खबर दिली तर हे सगळं अंगावर येणार. कोण देईल खबर? लोकांनी आजारी माणसं माळ्यावर, कोठीत, बिछान्यांच्या ढिगाखाली लपवली. काही ठिकाणी प्रेतं रातोरात घरातच पुरली. ज्या कायद्यानं रोग शोधायचा, त्यानंच तो दृष्टीआड केला. मार्च १८९८ मध्ये मुंबईच्या मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला गेलेल्यांवरून दंगल पेटली.

मग सरकार हळूहळू नमलं. सक्तीची झडती मागे पडली, ज्या त्या समाजाला आपापली इस्पितळं काढू दिली आणि गाव सोडून बाहेर राहण्याला सरकारी मान्यता मिळाली. वर लिहायला ‘आरोग्य छावणी’ असं भारदस्त नाव मिळालं, इतकंच. झोपड्या त्याच होत्या.

लस

वाल्डेमार हाफकिन यानं मुंबईत काही महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. लस चालते का, याचा सगळ्यांत बोलका पुरावा बडोदा संस्थानातल्या उंढेरा या छोट्या गावातून आला. १८९८ मध्ये तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. एकच घर, एकच चूल, तेच उंदीर. पुढे ज्या घरांत प्लेग आला त्यांत लस न घेतलेले ६४ जण होते. त्यातले २७ आजारी पडले आणि २६ मेले. लस घेतलेले ७१ होते, त्यातले ८ आजारी पडले आणि ३ मेले.

हे आकडे खेड्यात कोण वाचणार? खेड्यात दिसायचं ते एवढंच, की सुई टोचली की दोन दिवस फणफणून ताप येतो, दंड सुजतो, कामाचे दिवस बुडतात. रोजानं कापूस वेचणाऱ्या बाईला तो हिशेब लगेच कळतो, फायद्याचा हिशेब कळायला शेजारी मरावा लागतो.

आणि मग मुल्कोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या या गावात १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ धनुर्वात होऊन दगावले. सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. ठपका हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पदावरून दूर केलं. पुढे निष्पन्न झालं की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. पण अफवा पाच वर्षं थांबत नाही. चूक झाली त्याच महिन्यात ती उघडपणे कबूल करून कारण सांगितलं असतं तर किती माणसं टोचून घ्यायला पुढे आली असती, याचा विचार मनात येतोच.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाबद्दल थोडक्यात, कारण तिथे सांगण्यासारखं विज्ञान फारसं नव्हतंच. कारण ठाऊक नाही, लस नाही, त्यात पाऊस दगा देऊन गेलेला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, प्लेगनं वर्षानुवर्षं जे केलं ते काही महिन्यांत. घरात घुसणारा सोल्जर या वेळी नव्हता. पण दारात येणारा डॉक्टरही नव्हता.

हजार रुपयांची खबर

देवीच्या रोगाची गोष्ट जास्त आशेची आहे. लस मुंबईत १८०२ मध्येच आली होती. खेड्यात टोचायला येणाऱ्याला लोक देवी डॉक्टर म्हणायचे, आणि तो दिसला की आया पोरं घेऊन शेतात पळायच्या. देवी अंगात ‘आल्या’ असतील तर औषध करायचं नाही, आई कोपते, अशी समजूत. ती मोडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ गेला.

पण १९७० च्या दशकात काम करण्याची पद्धतच बदलली. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचायचं. कर्मचारी हातात देवी आलेल्या बाळाच्या फोटोचं कार्ड घेऊन घरोघर फिरायचे: असं कुणी पाहिलंत का? आणि खबर देणाऱ्याला बक्षीस. रक्कम वाढत वाढत १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेली. त्या वेळच्या मजुराला ही काही महिन्यांची कमाई. १८९७ मध्ये खबर दिली की घर उकरलं जायचं, १९७५ मध्ये खबर दिली की हातात पैसे पडायचे. रोग तितकाच भयंकर, माणसं तीच, देवीवरची श्रद्धाही तीच. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला.

सुरतेहून आलेल्या गाड्या

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग. खानदेशाला ही परमुलखातली बातमी नव्हती. लिंबायत, उधना भागातल्या मागांवर आपल्याकडची किती माणसं आहेत हे सांगायला नको, दर घरटी एक तरी. लाखो लोकांनी काही दिवसांत सुरत सोडली. व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, तापीच्या काठाकाठानं येणाऱ्या गाड्या तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांनी भरून येत होत्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून गायब झाल्या. सुरतेतले खासगी डॉक्टरही मोठ्या संख्येनं शहर सोडून गेले.

वरवर पाहिलं तर हे तेच: उंदीर पडला, गाव उठलं. पण इथे नियम उलटा लागू होतो. सुरतेतला प्लेग फुप्फुसाचा होता. तो पिसूवाचून, खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाला होतो आणि औषध न मिळाल्यास जवळजवळ हमखास जीव घेतो. शंभर वर्षांपूर्वी घर सोडणारा रोग मागे टाकून जात होता. १९९४ मध्ये घर सोडणारा तो छातीत घेऊन डब्यात बसू शकत होता.

तरीही खानदेशात साथ उसळली नाही. फुप्फुसाचा प्लेग पसरायला खूप आजारी माणसाच्या अगदी जवळ असावं लागतं, आणि तोपर्यंत तो माणूस प्रवास करण्याच्या अवस्थेत राहत नाही. आणि १९९४ पर्यंत औषध आलेलं होतं. टेट्रासायक्लिनसारखी साधी प्रतिजैविकं वेळेत दिली तर प्लेगचा रोगी बरा होतो. त्या साथीत देशभरात पन्नासच्या वर मृत्यू झाले, बहुतेक सुरतेतच. मागवाले काही आठवड्यांत परतू लागले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी कचरा उचलण्याची जी शिस्त लावली, तिच्यामुळे दोनेक वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत येऊ लागलं.

तो १८९७ चा चार कलमांचा कायदा मात्र अजून आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं कोरोनाचे नियम काढले ते त्याच्याच आधारावर. त्या वर्षी त्यात दुरुस्तीही झाली: आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर सात वर्षांपर्यंत कैद. ती हवीच होती. पण ज्याला वेगळं काढलं त्याचा रोज बुडाला तर काय, त्याच्या घरच्यांना कुणी सांगायचं, आपल्या आजाराची खबर स्वतःहून देणाऱ्याला सरकार काय देणं लागतं, यावर त्या कायद्यात आजही हक्क म्हणून काही लिहिलेलं नाही.